खिशातले खडे

“रादामेस कुठंही जाणार नाही. मी या खुर्चीत आहे तोवर तर नाहीच,” असं ठणकावून सांगत मी भाताचा घास तोंडात घातला आणि दाताखाली कचकन खडा आला. प्लिनिओसाहेबांच्या घरचं रविवारचं जेवण होतं. नारळाच्या दुधात शिजवलेला तुरीच्या दाण्यांचा भात, बकऱ्याचं मटण, अवोकाडोच्या फोडी, सगळं साग्रसंगीत. आणि त्यात खडा. कळ थेट कानापर्यंत गेली. साहेब आमच्या बेसबॉल संघाचे मालक आणि मी त्याची व्यवस्थापक, पण माझा दात दुखला की मी कशी बोलते हे त्यांना पक्कं ठाऊक, म्हणून तेच आधी घाबरले. “काय झालं नूरिसबाई? दात गेला की काय?” “दात जागेवर आहे. तुमच्याकडे तूर निवडत नाहीत का हो?” “आता कोण निवडत बसतंय? बंद पिशवीत येते,” म्हणून ते हसले. मी खडा जिभेनं पुढं आणला आणि ताटाच्या कडेला ठेवला. करडा, मसुरीएवढा. समोर लिओन्ते, आमचा प्रशिक्षक, मान खाली घालून हाडाशी झटत होता. मी पुढं बोलेन म्हणून तो थांबला होता. पण माझं लक्ष खड्यात अडकलं. त्या खड्याकडं बघून काहीतरी आठवायला लागलं होतं आणि ते नेमकं काय, ते सापडत नव्हतं.

पुएर्तो प्लाताच्या संघाचा निरोप सकाळीच आला होता. रादामेस आम्हाला द्या, बदल्यात चेंडू टाकणारा डावखुरा पिचर उबाल्दो घ्या आणि वर मागं चेंडू झेलणारा एक तरणा कॅचर घ्या. संध्याकाळी सहाला स्पर्धेचं कार्यालय बंद झालं की या मोसमातल्या अदलाबदली संपल्या. कागदावर सौदा चांगला होता, आमची पिचरची बाजू लंगडी होती हे शेंबडं पोरही सांगेल. पण रादामेस म्हणजे बाराओना, आमचं अख्खं गाव. तो आमच्याच नदीकाठच्या वस्तीतला. उत्तरेत, अमेरिकेत, मोठ्या पगारावर खेळून हिवाळ्यात घरी येतो आणि आमच्यासाठी बॅट धरतो. यंदाही सगळ्या संघांत त्याच्याइतके फटके कुणाचे नव्हते. कुरबुर वेगळीच होती. कित्येक वर्षं तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राजा. सगळ्यात जास्त चेंडू तिथं येतात, सगळ्यात जास्त डोळे तिथं लागतात. यंदा लिओन्तेनं ती जागा तरण्या फाउस्तोला दिली, कारण फाउस्तोचे पाय पळतात आणि रादामेसचे आता जड झालेत. त्याला सरकवला तिसऱ्या बेसवर. त्या दिवसापासून हा गडी तोंड पाडून बसलाय. बाकाच्या पार टोकाला एकटा, कानात बोळे घालून. चेंडू भिंतीपार गेला तरी हसत नाही, कुणाच्या हातावर टाळी देत नाही. गावानं सगळा राग लिओन्तेवर काढला. कोपऱ्यावरच्या दुकानापुढं डॉमिनोची सोंगटी आपटली की एक शिवी लिओन्तेच्या नावानं ठरलेली. मीही मनातून त्याच बाजूची होते, खोटं कशाला बोलू.

“तुम्ही त्याच्या मदरिना आहात, म्हणून हा विषय तुम्हाला जड जातोय,” लिओन्ते शेवटी म्हणाला. हाड त्यानं खाली ठेवलं होतं. मला त्याचा असा राग आला की बस्स. पण तो चुकीचं बोलत नव्हता. मदरिना म्हणजे धर्माची आई, रादामेसचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो माझ्या हातात होता. पाणी डोक्यावर पडल्यावर इतका ओरडला होता की पाद्रीसुद्धा हसला. तेव्हापासून त्याची आई मिल्केया माझी कोमाद्रे. आमच्याकडं हे नातं बहिणीपेक्षा जवळचं धरतात, कारण बहीण देवानं दिलेली आणि कोमाद्रे आपण देवासमोर उभं राहून केलेली. तो कर्तासवरता झाला, पैसा आला, पण मिल्केयानं नदीकाठचं घर सोडलं नाही. सामना घरी असला की ती संध्याकाळीच येते, तिसऱ्या बेसमागच्या पायऱ्यांवर तिची जागा ठरलेली, पायाशी गरम शेंगदाण्यांची पुडी. तिच्या गुडघ्यांनी पुएर्तो प्लाताचा प्रवास कुठला होणार, बेटाच्या या टोकाचं ते दुसरं टोक. मी या खुर्चीत बसले त्या दिवशी तिनं माझा हात धरून एकच मागितलं होतं. “हिवाळ्यात तरी तो माझ्या डोळ्यांसमोर राहू दे, नूरिस.” मी म्हटलं होतं, राहील. किती सहज म्हटलं होतं.

आणि मग एकदम सापडलं. मिल्केयाच्या परसातलं. गेल्या आठवड्यात तिच्याकडं कॉफीला गेले होते. ती दोरीवर त्याची पँट वाळत घालत होती. अजून त्याचे खेळाचे कपडे तीच धुते, मशीनवर तिचा विश्वास नाही. झटकता झटकता म्हणाली, “यंदा खिशात एकही खडा नाही बघ. सुटली शेवटी खोड. मोठा झाला माझा पोरगा.” आणि आम्ही दोघी हसलो होतो. मी हसले होते! रादामेस खेळायला शिकला तो नदीच्या पात्रात, सगळी गोट्यांची जमीन. तिथं चेंडू जमिनीवरून सरळ येतच नाही, खड्यावर आपटतो आणि तोंडावर उडतो. त्याच्या हनुवटीवरचा व्रण तिथलाच. तेव्हापासून प्रत्येक चेंडूच्या आधी तो पायानं आपली जमीन चाचपायचा, खडा दिसला की वाकून उचलायचा आणि मागच्या खिशात टाकायचा. फेकायचा नाही. फेकलेला खडा पायाखाली परत येतो म्हणायचा. मोठमोठ्या मैदानांवर, हजारो लोकांसमोर, उत्तरेतसुद्धा तो हेच करायचा आणि तिकडचे लोक त्याची नक्कल करायचे. मिल्केयाच्या धुण्याच्या पाटीत ते खडे खडखडायचे. ती शिव्या घालत ते काढायची आणि परसातल्या तुळशीच्या डब्यात टाकायची. तो डबा आता अर्ध्याहून वर खड्यांनीच भरलाय.

खडे उचलत नाही म्हणजे काय? एवढ्यावरून कुणी माणसाला तोलतं का, असं मीच मला विचारलं. गाडी समुद्राच्या कडेनं मैदानाकडं चालली होती. मी जेवण अर्धवट टाकून उठले तेव्हा प्लिनिओसाहेब दारापर्यंत आले. “निर्णय तुमचा, नूरिसबाई. आणि शिव्याही तुमच्याच. मी गावाला सांगणार, मी झोपलो होतो.” “झोपा,” मी म्हटलं. आणि आता रस्त्यात मी स्वतःशीच भांडत होते. उन्हाळ्यात आम्ही मैदानात नवी लाल माती टाकली होती. कदाचित खडेच उरले नसतील. कदाचित वय झालं, वाकवत नसेल. कदाचित मिल्केयाचं खरं असेल, माणूस मोठा होतो, खोडी सुटतात, मी कशाला त्यात भूत बघतेय. पण दात अजून ठणकत होता. आणि एक विचार सारखा पुढं येत होता. जो माणूस आपल्या घरासमोरचं अंगण झाडायचं सोडतो, तो मनानं त्या घरात राहत नाही. बाजूला मोटारसायकलवाले थांबून खिडकीतून हाका मारत होते, “काय नूरिसबाई, रात्री जिंकणार ना?” मी हात वर केला. माझा चेहरा कसा दिसत होता कुणास ठाऊक, कारण त्यातला एक म्हणाला, “देवा, हिला आज कुणी चावलं?”

मैदान रिकामं होतं. फाटकापाशी माळी पाइप गुंडाळत होता. मी रविवारचे उंच टाचेचे सँडल हातात घेतले आणि अनवाणी आत गेले. माती गरम, वरून मऊ. आधी तिसऱ्या बेसपाशी गेले, मग शॉर्टस्टॉपच्या जागी. वाकून हात फिरवला. अहो, होते की. नवी माती वर, पण नदीची जमीन ती, खालून वर येत राहते. तळहातावर करडे, पांढरे खडे घेऊन मी उभी राहिले. एवढी वर्षं मी तिकिटाच्या खिडकीपासून या खुर्चीपर्यंत आले, आकडे बघून माणसं घेतली आणि सोडली. आता मला उत्तर हवं होतं आणि ते काय येणार हे मला आधीच कळलं होतं. तरी मी ठरवलं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. देवासमोर धरलेलं पोर आहे ते, नुसत्या संशयावर नाही सोडायचं.

तो सरावाला लवकर येतो हे मला माहीत होतं. राग असला तरी काम चुकवणारा नाही. आला, मला बघून टोपी काढली. “आशीर्वाद, मदरिना.” “देव तुझं भलं करो. जेवलास?” “जेवलो. चपला हातात कशाला? कुणाला हाणायच्या आहेत?” “अजून ठरलं नाही,” मी म्हटलं, आणि क्षणभर तो हसला. ते जुनं हसू बघून माझं मन पार डळमळलं. मी म्हटलं, “जा, शॉर्टस्टॉपला उभा राहा.” त्यानं माझ्याकडं रोखून बघितलं. “लिओन्तेला विचारलंत?” “मी विचारत नसते, सांगते. जा.” लिओन्तेचा सहायक बॅट घेऊन आला आणि त्याला जमिनीवरून चेंडू मारू लागला. रादामेस गेला, उभा राहिला, आणि खेळला. काय खेळला! डावीकडं, उजवीकडं, पळता पळता वळून. पाय जड असतील, पण हात अजून तसेच. चेंडू हातात येतोय आणि जातोय, मध्ये काही घडलंच नाही असं वाटावं. मी मनात म्हणत होते, वाक. बाबा रे, एकदा वाक. तुझीच जागा आहे, मी तुला तिथं परत उभं केलंय, पायानं जरा चाचप तरी. मग एक चेंडू खड्यावर आपटला आणि थेट त्याच्या गळ्याकडं उडाला. दुसरा कुणी असता तर दवाखान्यात गेला असता. त्यानं मान तिरकी केली, हात वर नेला आणि तो पकडला. थुंकला. आणि पुढच्या चेंडूसाठी उभा राहिला. खाली बघितलंसुद्धा नाही.

मी सहायकाला थांबवलं आणि त्याच्याजवळ गेले. “तो खडा उचलला नाहीस?” “कुठला?” “ज्यानं आत्ता तुझा गळा फोडला असता, तो.” त्यानं खांदे उडवले. “माळी आहे ना पगारावर.” वाक्य साधं होतं, पण मला वाटलं कुणी थोबाडीत मारली. मी म्हटलं, “आणि समजा मी तुला कायमचं इथंच ठेवलं, तर?” “ठेवा. बघू.” “बघू म्हणजे काय रे?” “बघू म्हणजे बघू, मदरिना.” मग तो घडाघडा बोलला, एवढ्या आठवड्यांत पहिल्यांदा. “तुम्ही सगळ्यांनी मला म्हातारा ठरवलंत. लिओन्ते बोलला तेव्हा तुम्ही तिथंच बसला होतात, एक शब्द काढला नाहीत. आता ही जागा भीक घातल्यासारखी देणार. मी चुकलो की लोक फाउस्तोचं नाव ओरडणार. माझं मन उडालंय इथून. फटके मारतो कारण हाताला सवय आहे.” “मी गप्प बसले कारण लिओन्ते बरोबर बोलत होता,” मी म्हटलं, “आणि आजही तो बरोबर आहे. इथं तुला ही जागा द्यायची म्हणजे फाउस्तोला मारायचं आणि तुलाही वाचवायचं नाही.” त्यानं हातमोजा काढून काखेत धरला. मी म्हटलं, “पुएर्तो प्लाता तुला शॉर्टस्टॉपला ठेवणार आहे. त्यांच्याकडं दुसरा कुणी नाही. त्यांना तू हवा आहेस.” त्याला कळायला वेळ लागला नाही. चेंडू हातात फिरवत राहिला. “आणि आई?” “आईला मी सांगीन.” त्यानं चेंडू जमिनीवर ठेवला, हळूच, आणि चालू लागला. जाताना आशीर्वाद मागितला नाही. जन्मात पहिल्यांदा. मी तरी त्याच्या पाठीकडं बघत “देव तुझं भलं करो” म्हटलं, तोंडातल्या तोंडात.

फोन करताना मन कचरलं का? नाही. याचं मला स्वतःलाच नवल वाटलं. पुएर्तो प्लाताच्या माणसानं दोनदा विचारलं, “खरंच? सोडताय?” मी म्हटलं, “सोडतेय. पण एक अट तोंडी ऐका. त्याला शॉर्टस्टॉपवरून हलवलंत तर मी स्वतः बस पकडून येईन.” तो हसला, मी हसले नाही. प्लिनिओसाहेबांना कळवलं, ते म्हणाले, “मी झोपलोय,” आणि फोन ठेवला. बातमी रेडिओवर जायच्या आत मला नदीकाठी पोचायचं होतं. परक्याच्या तोंडून मिल्केयाला कळता कामा नये एवढंच डोक्यात होतं.

ती परसात होती. दोरीवर त्याचा पोशाख वाळत होता, आमच्या संघाच्या निळ्या पट्टीचा. तिनं कॉफीचं भांडं ठेवलं, माझं तोंड बघितलं आणि कॉफी ओतलीच नाही. मी आडपडदा न ठेवता सांगितलं. ती ओले हात एप्रनला पुसत राहिली. मग म्हणाली, “प्लिनिओनं जबरदस्ती केली असेल तुझ्यावर.” तिनं मला वाट काढून दिली होती. हो म्हणायचं होतं फक्त. मालक, पैसेवाले, त्यांच्यापुढं आपण काय करणार. दोघी मिळून प्लिनिओला शिव्या घातल्या असत्या, कॉफी प्यालो असतो आणि नातं शाबूत राहिलं असतं. जिभेवर आलंसुद्धा. “नाही,” मी म्हटलं. “मी केलं. माझ्या मनानं.” “तू? हातात धरलेलं पोर तू दिलंस?” “हातात धरलंय म्हणून दिलं. त्याच्या खिशात खडे नाहीत, मिल्केया. खोड सुटली नाही ती. त्याचा जीव इथून उडालाय.” “काय बडबडतेस! खड्यांचं काय घेऊन बसलीस?” तिचा आवाज चढला, शेजारीण खिडकीत आली. “माझे गुडघे गेलेत, मी कुठं बघू त्याला? टीव्हीवर? तू मला शब्द दिला होतास.” “दिला होता. मोडला.” मी दुसरं काय म्हणणार होते? तिनं दोरीवरून पोशाख ओढला, अजून दमट होता, नीट घडी घातली, अगदी बाह्या आत दुमडून, आणि माझ्या हातात ठेवला. “हे तुमच्या संघाचं आहे. घेऊन जा.”

त्यानंतरचे आठवडे गावानं मला सोडलं नाही. उबाल्दो पहिल्याच सामन्यात असा काही झोडपला गेला की लोकांनी दारूच्या रिकाम्या बाटल्या बडवत माझ्या नावाचं गाणं रचलं. भाजीवालीनं मला कोथिंबीर द्यायची बंद केली, ती आधी फुकट द्यायची. रेडिओवरचा तो घोगऱ्या आवाजाचा माणूस रोज सकाळी हा सौदा तोलायचा, आणि रोज आमचंच पारडं हलकं. लिओन्ते एकदा म्हणाला, “निवेदन काढा, कारणं सांगा लोकांना.” काय सांगू? खिशात खडे नव्हते म्हणून? मी म्हटलं, “सौदा झालाय, खेळा आता.” हळूहळू उबाल्दोचा हात बसला, कॅचरही बरा निघाला, आम्ही शेवटच्या फेरीत शिरलो. त्याचं श्रेय कुणी मला दिलं नाही आणि मी मागितलंही नाही. मिल्केयाच्या घरावरून जाताना दार बंद दिसायचं. नाताळात दरवर्षी आम्ही एकमेकींना केळीच्या पानातले पास्तेल पाठवतो. मी पाठवले. ताट परत आलं, धुतलेलं, रिकामं.

जानेवारीत पुएर्तो प्लाता आमच्याकडं खेळायला आला. मैदान खच्चून भरलेलं. मी वरच्या काचेच्या खोलीत बसायचं सोडून तिसऱ्या बेसमागच्या पायऱ्यांवर गेले, शिव्या खायच्या तर समोरून खाव्यात. खाल्ल्या. “ए नूरिस, माझ्या बायकोची पण अदलाबदल करून दे!” कुणी ओरडलं, आणि ती बायको शेजारीच बसली होती, तिनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग मला खाली ती पाठ दिसली. मिल्केया. तिच्या जागी, पायाशी शेंगदाण्यांची पुडी. मी तिच्यामागच्या पायरीवर बसले. तिनं वळून बघितलं नाही, पण उठलीही नाही. रादामेस मैदानात आला तेव्हा गाव उभं राहिलं, निम्मं रडत, निम्मं मला शिव्या घालत. तो शॉर्टस्टॉपला जाऊन उभा राहिला, परक्या रंगात. त्या रंगात तो मला अनोळखी वाटला.

शेवटच्या डावात आमची दोन माणसं बेसवर होती, एक धाव हवी होती. पिचर चेंडू टाकायच्या तयारीत. मी रादामेसकडं बघत होते, बाकी कशाकडं नाही. त्यानं उजवा पाय जमिनीवरून हळूच फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला. आणि वाकला. बोटांत काहीतरी उचललं, डोळ्यांसमोर धरून बघितलं, मागच्या खिशात टाकलं. पुढचा फटका जमिनीवरून सणसणत त्याच्याचकडं आला, सरळ, एकदाही न उडता. तो हातात आला आणि गेला, आणि आम्ही सामना हरलो. चहूकडून माझ्या नावाचा उद्धार सुरू झाला. कुणीतरी बर्फाचा खडा फेकला, तो माझ्या खांद्याला लागला. मी हलले नाही. माझ्यापुढची पाठ बराच वेळ तशीच ताठ होती. मग मिल्केयानं शेंगदाण्याची सालं मांडीवरून झटकली आणि मागं न बघता, धुण्याच्या पाटीपाशी बसून बोलावं तशा आवाजात विचारलं, “तिकडं त्याचे कपडे कोण धुतं गं? खिसे बघतात का आधी?”